शोल्डरवाल्या मावशी

माझ्या मावससासूबाईंच्या घरातली एकही वस्तू ज्या कामासाठी जन्माला आली ते काम करत नाही. हे मी सांगतो तेव्हा लोकांना वाटतं, जावई आहे, सासरच्यांबद्दल वाढवून बोलणारच. अशा लोकांना मी सरळ नवी मुंबईत, सारसोळ्याला त्यांच्या घरी घेऊन जातो. दारातला चपलांचा कप्पा म्हणजे आडवा झोपवलेला फ्रीज आहे. बैठकीतलं झुंबर वॉशिंग मशीनच्या भोकाभोकांच्या ड्रमचं आहे. संध्याकाळी ते लावलं की भिंतीवर, देवांच्या फोटोंवर आणि पाहुण्यांच्या तोंडावर गोवर उठल्यासारखे ठिपके पडतात. केस वाळवायच्या यंत्राने तिथे कोळशाची शेगडी फुंकतात. तुळशीवृंदावनाभोवती टेपरेकॉर्डरच्या मोटरवर एक पणती संथपणे गोल फिरत असते, म्हणजे मावशींचे गुडघे दुखत असले तरी तुळशीच्या प्रदक्षिणा चुकत नाहीत. आजवर एकानेही मला खोटं पाडलेलं नाही.

लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो तो दिवस मला नीट आठवतो. माझे वडील साताऱ्याकडून येऊन एपीएमसी मार्केटात माथाडी झालेले. आमच्या घरी विजेची वस्तू बिघडली की आम्ही तिला लांबून हात जोडायचो आणि शेजाऱ्यांना हाक मारायचो. मावशींनी मला पाटावर बसवलं, ताटात पापलेट वाढलं, पगार विचारला नाही, गाव विचारलं नाही. एकदम म्हणाल्या, "जावय, तुमाला शोल्डर मारता येते?"

मला वाटलं, खांद्याला खांदा मारायची इकडे रीत असेल. नवीन जावई, नाही कसं म्हणणार? मी बसल्या जागी डावा खांदा पुढे केला. माझ्या बायकोने कपाळावर हात मारला. "अरे, सोल्डरिंग विचारत्येय ती. कथील वितळवून तारा जोडतात ना, ते."

"नाही येत," मी म्हणालो. "मी बी.कॉम. आहे."

मावशींनी माझ्याकडे फार मायेने पाहिलं. "जाऊ दे," त्या म्हणाल्या, "सगल्यांना सगला नाय जमत," आणि आणखी एक पापलेट वाढलं.

हे शोल्डर त्यांच्या आयुष्यात साठाव्या वर्षी शिरलं. निमित्त मिक्सरचं झालं. मिक्सर बंद पडला आणि दुरुस्तीवाल्याने तो उघडूनही न बघता "काकी, अब नया ले लो" असं सांगितलं. मावशींना स्वतःचा अपमान सहन होतो, पण वस्तूचा होत नाही. त्यांनी मिक्सर घरी आणला, वर्तमानपत्र पसरलं आणि मासळीचा कोयता बाजूला ठेवून भाजी चिरायच्या सुरीने त्याचे स्क्रू काढले. आत एक तार सुटलेली होती. ती जोडताना शेजारची आणखी एक सुटली, मग दोन्ही जोडल्या, पण बहुधा एकमेकींच्या जागी. मिक्सर चालू झाला, फक्त उलटा फिरायला लागला. भांडं ज्या चकतीवर बसतं ती उलट फिरून सैल झाली, भांडं टुणकन उडालं, आणि ओल्या खोबऱ्याची चटणी पंख्याला लागली. पंखा चालू होता. त्यामुळे ती चटणी घरातल्या सर्वांना समान मिळाली. मावशी पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "उलटा तर उलटा, पन फिरला ना? म्हंजे मेलेला नव्हता." त्या दिवसापासून दुरुस्तीवाल्यांवरचा त्यांचा विश्वास उडाला आणि स्वतःवरचा जो बसला तो कायमचा.

मग त्या शिकल्या. मोबाइलवर हिंदी व्हिडिओ लावून त्या दुपारभर बसायच्या. पडद्यावरचा माणूस "हॅलो दोस्तो" म्हणाला की या "बोल रे बाबा" म्हणायच्या, आणि त्याने तार चुकीच्या ठिकाणी धरली असं वाटलं तर त्याला झापायच्या. भंगारवाल्याशी त्यांची अशी दोस्ती झाली की तो गल्लीत शिरल्यावर "भंगार" असं ओरडायच्या आधी "मावशी" असं ओरडायचा. कमरेला जिथे इतर बायका पानाची चंची खोचतात तिथे यांनी वीज मोजायचा मल्टिमीटर खोचलेला. कुणाकडेही गेल्या की चहा येईपर्यंत तिथल्या भिंतीवरचं घड्याळ उतरवून त्यातला सेल तपासायचा, आणि यजमानीणबाईंना डॉक्टरच्या आवाजात सांगायचं, "हा काय आता जास्त दिवस काडनार नाय. मनाची तयारी ठेव."

एका संक्रांतीला त्यांनी हळदीकुंकवाचं वाण म्हणून बायकांना फेज टेस्टर वाटले. तोच तो, पेनासारखा, बोर्डात खुपसला की दिवा लागणारा. बायकांना काही समजेना. एकजण म्हणाली, "मावशी, गेल्या वर्षी डबे दिले होते, छान होते." मावशी म्हणाल्या, "डबे हायेतच गो सगल्यांच्या घरान. सवाष्नीकडं टेस्टर पायजेल." बायका हसत घरी गेल्या, आणि मग नव्या खेळण्याच्या उत्साहात जे दिसेल त्याला टेस्टर लावत सुटल्या. त्या आठवड्यात गल्लीतल्या एका घराच्या फ्रीजच्या दांड्याला आणि दुसऱ्या घराच्या गीझरच्या नळाला वीज येत असल्याचं उघडकीला आलं. तेव्हापासून त्यांच्या वाणाला कुणी हसत नाही, पण गर्दी मात्र फार होते.

त्यांची सर्वात गाजलेली निर्मिती म्हणजे कावळे हाकलायचं यंत्र. गच्चीवर बोंबील वाळत घातले की कावळे येणार, आणि मावशींचे गुडघे त्यांना दर दहा मिनिटांनी जिना चढू देत नाहीत. म्हणून त्यांनी एक असा डोळा बसवला की समोर काही हललं की त्याला समजावं, आणि त्याला एक भोंगा जोडला. भोंग्यात आवाज कुणाचा घालायचा? तर स्वतःचाच. मोबाइलसमोर उभं राहून त्यांनी सगळा राग गोळा केला आणि एका दमात रेकॉर्ड केलं: "हाट मेल्या! परत आलास? लाज नाय वाटत? काल पन चार नेलेस!"

कावळे दोन दिवस लांब राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं की ही बाई नुसती बोलते. मग एक कावळा भोंग्यावरच बसून बोंबील खाऊ लागला आणि खालून त्याला अखंड शिव्या मिळत राहिल्या. चौथ्या दिवशी पालिकेचा माणूस पाण्याच्या टाकीत डासांच्या अळ्या आहेत का ते बघायला गच्चीवर गेला. मी खाली चहा पीत होतो. वरून मावशींचा आवाज आला, "परत आलास? लाज नाय वाटत?" मावशी तर माझ्यासमोर बसून भाकरी थापत होत्या. पुन्हा, "काल पन चार नेलेस!" थोड्या वेळाने तो माणूस पडलेल्या चेहऱ्याने खाली आला, हात जोडले आणि म्हणाला, "मावशी, आईशप्पथ, काल मी रजेवर होतो."

या सगळ्यात मावशींचे यजमान, म्हणजे आमचे काका, कुठे होते? ते खुर्चीत होते. पण ते तिथे कसे येऊन बसले, ते सांगायला हवं.

काकांनी तरुणपणी खाडीत मासेमारी केली आणि नंतर तीस वर्षं एका पंपहाउसवर पंप चालवले. पंपांच्या त्या घरघरीत त्यांचे कान हळूहळू गेले. पण ते गेलेत हे त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. समोरचा काहीही बोलला की हसून मान हलवायची आणि "बरा झाला, देवाची किरपा" म्हणायचं, एवढ्यावर त्यांनी काही वर्षं काढली. एका शेजाऱ्याने घरात चोरी झाल्याचं सांगितलं, त्यालाही हेच उत्तर मिळालं. तो आजही मावशींकडे येतो तो काकांची नजर चुकवूनच. निवृत्त झाल्यावर काका रोज सकाळी पाम बीच रस्ता ओलांडून जेट्टीवर जायचे. तिथे त्यांच्या वयाची चारपाच माणसं जाळी विणत बसलेली असायची. त्यांच्यापासून जरा अंतर ठेवून काका खाडीकडे तोंड करून बसायचे आणि जेवायच्या वेळेला परत यायचे.

एक दिवस रस्ता ओलांडताना मागून येणाऱ्या स्कूटरचा हॉर्न त्यांना ऐकू आला नाही. गुडघा आणि कोपर सोलवटलं, एवढ्यावर निभावलं. पण पुण्याहून मुलाने फोनवर फर्मान काढलं, बाबांनी एकट्याने बाहेर पडायचं नाही. त्याने कानाचं महागाचं यंत्रही पाठवलं. काकांनी ते अर्धा दिवस घातलं, मग "कानान कोलंबी वलवलते" असं म्हणून डबीत ठेवून दिलं. आणि खुर्चीत बसले. चार महिने बसले. जेवायला उठायचे, पुन्हा बसायचे. बोलणं आधीच थोडं होतं, ते जवळपास थांबलं. मावशी एरवी कशाला घाबरत नाहीत, पण एकदा भांडी घासताना माझ्या बायकोला म्हणाल्या, "मानूस घरान हाय, पन घरान नाय. मना भीती वाटते गो."

त्यांची भीती म्हणजे आपल्यासारखी नुसती बसून करायची भीती नव्हे. त्यांनी पहिल्यांदा काकांना दाराची बेल कळावी म्हणून एका टेम्पोच्या काचेवरचा वायपर फिरवणारी मोटर आणली आणि ती काकांच्या खुर्चीच्या पायाला बांधली. बेल दाबली की खुर्ची डावीकडे-उजवीकडे हलायची. पहिल्याच दिवशी गॅसवाल्याने सवयीप्रमाणे बेलवर बोट ठेवलं ते काढलंच नाही. काकांच्या हातात चहा होता. मोटर जोमदार, कारण तिला मुसळधार पावसाची सवय. काकांनी अर्धा चहा स्वतःवर, अर्धा पेपरवर आणि बशी झुंबराच्या दिशेने अशी वाटणी केली. पण खुर्ची थांबल्यावर ते म्हणाले, "कोन आला बग." त्या आठवड्यातलं ते त्यांचं पहिलं वाक्य होतं. मावशी मला फोन करून म्हणाल्या, "जावय, बोलले!"

तेवढ्याने त्यांना धीर आला आणि त्यांनी मोठं काम हातात घेतलं. आवाज वाढवणारं एक किट मागवलं, ते साबणाच्या डबीत बसवलं, एका बाजूने छोटा माइक काढला आणि दुसऱ्या बाजूने पंधरा फूट वायर. वायरीच्या टोकाला कान पूर्ण झाकणारा मोठा हेडफोन. कानात काही घालायचं नाही, वरून झाकायचं, म्हणजे कोलंबी वळवळण्याचा प्रश्नच नाही. डबी मावशींच्या हातात, हेडफोन काकांच्या डोक्यावर. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा मी तिथेच होतो. मावशींनी डबी तोंडाशी धरली आणि एवढं सगळं करून आता काय बोलावं ते त्यांना सुचेना. शेवटी म्हणाल्या, "जेवान झाला का?"

काका दचकले. मग म्हणाले, "झाला की. तूच तर वाडलंस."

मावशी उठून आत गेल्या. वायर ताणली गेली म्हणून काकांनाही मागे जावं लागलं. आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज आला आणि अधूनमधून काकांचा, "हलू आपट, सगला कानान येतंय."

दुसऱ्या दिवसापासून सारसोळ्याने जे दृश्य पाहिलं ते त्याआधी कुणी पाहिलं नसेल. मासळी बाजारात मावशी पुढे, हातात साबणाची डबी. पंधरा फुटांवर मागे काका, डोक्यावर हेडफोन, विमान उतरवायला निघाल्यासारखे. मधल्या वायरीवरून बायका पाट्या घेऊन उड्या मारत जायच्या. मावशी भाव करताना डबी कोळणीच्या तोंडापुढे धरायच्या, आणि मागून काकांचा आवाज यायचा, "खोटा बोलते, बर्फातला हाय!" कोळणी म्हणाल्या, एका गिऱ्हाइकाशी भांडता येतं, पण हे एका वेळी दोन ठिकाणाहून येतं. एका वळणावर वायर रिक्षाच्या आरशात अडकली आणि काका काही पावलं रिक्षाबरोबर गेले. तेही हसत होते. मी त्यांना असं मोकळं हसताना त्याआधी पाहिलंच नव्हतं.

मग एका रविवारी सकाळी आम्ही त्यांना जेट्टीवर घेऊन गेलो. चार महिन्यांनी. म्हातारी मंडळी जाळी विणत बसली होती. मावशींनी एकेकाच्या तोंडासमोर डबी धरायला सुरुवात केली, "बोल, यांच्याशी बोल," आणि ती दांडगी माणसं नववधूसारखी लाजायला लागली. एकजण घसा खाकरून फक्त "नमस्कार" म्हणाला. दुसऱ्याने आज ओहोटी किती वाजता ते सांगितलं. डबी बाळारामदादांसमोर गेली तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं. हे बाळारामदादा काकांचे लहानपणापासूनचे जोडीदार, एका होडीत वाढलेले. पण कितीतरी दिवस दोघं एकमेकांशी बोलत नव्हते आणि का, ते कुणालाच माहीत नव्हतं.

"बोल रे," मावशी म्हणाल्या.

"त्याला मी काय बोलू?" बाळारामदादा जाळ्याकडे बघत म्हणाले. "दोन वर्सां झाली, पाठून हाका मारतंय. हा वलून पन बगत नाय. पोराचा पुण्याला बंगला झाला, याला मस्ती आली."

डबी त्यांच्या तोंडासमोरच होती. शब्द न् शब्द पंधरा फुटांवर पोचला. काकांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला. मग हळूहळू वायर गोळा करत चालत आले आणि बाळारामदादांच्या समोर बसले.

"मस्ती कसली रे," ते म्हणाले. "आयकू येत नाय मना."

"आं?"

"बहिरा झालंय. तुमी हसाल म्हनून बोललो नाय."

बाळारामदादा एकदम संतापले. "हसू? अरे गाडवा! दोन वर्सां तुला शिव्या घालतंय मी, घरान जेवताना पन!" आणि त्यांनी काकांच्या पाठीत एक गुद्दा घातला. हेडफोन निसटून डबीवर पडला आणि असं काही कर्कश किंचाळला की जेट्टीवरचे बगळे उडाले. मावशी डबी बंद करायची विसरून तशाच उभ्या होत्या. माझ्या बायकोने ती त्यांच्या हातातून घेतली.

पुढे काका रोज जेट्टीवर जाऊ लागले. म्हणजे मावशीही रोज जाऊ लागल्या, कारण डबी त्यांच्या हातात. पंधरा दिवस म्हाताऱ्यांनी सोसलं. मग बाळारामदादांनी सर्वांच्या वतीने डबीत तोंड घालून सांगितलं, "ते पोरान धाडलेला कानान घाल बाबा. रोज वहिनी बसतान मदी, आमाला कोनाला शिवी पन देता येत नाय." काकांनी घरी येऊन मुलाने पाठवलेलं यंत्र बाहेर काढलं, कानात घातलं, वळवळ सोसली आणि रस्ता ओलांडायला बाळारामदादांना दारात बोलावलं. मावशी दोन दिवस फुगून बसल्या. तिसऱ्या दिवशी साबणाची डबी उघडून त्यांनी एकेक भाग सोडवला, वायरीचं नीट वेटोळं केलं आणि मला सांगितलं, "मीच जास्त चांगला बनवला जावय. आयकायची चटक लागली त्याला." बोलताना डोळे पुसत होत्या. मला वाटलं रडतात, पण डोळ्यांचं दुखणं तेव्हाच सुरू झालं होतं.

साखरेच्या दुखण्याने त्यांची नजर आता फार अधू झाली आहे. बारीक कामात सगळं धुरकट दिसतं. शोल्डर हाताच्या अंदाजाने मारतात, एकदोनदा बोट भाजलं आहे. मुलगा म्हणतो बंद कर, त्या म्हणतात बघू. मागच्या आठवड्यात मी गेलो तेव्हा जमिनीवर वर्तमानपत्र पसरलेलं होतं, एका शेजारणीचा देवघरातला विजेचा दिवा उघडून ठेवलेला होता, आणि काका जेट्टीवर न जाता मावशींच्या शेजारी मांडी घालून बसले होते. त्यांच्या चिमटीत गव्हाच्या दाण्याएवढा एक भाग होता. त्यावर रंगांचे पट्टे असतात आणि त्या पट्ट्यांवरून त्याचा आकडा ओळखायचा असतो. काकांना रंगांची नावं सांगायची सवय नाही. ते उजेडाकडे धरून बघायचे आणि म्हणायचे, "उकडलेली कोलंबी. परत उकडलेली कोलंबी. मंग खाडीचा चिखल."

"तीनशे तीस," मावशी म्हणाल्या आणि हात पुढे केला.

"आनि शेवटचा सोन्याचा."

"तो सोन्याचाच असतोय. सगल्यांना असतोय. तो नाय सांगितला तरी चालतो."

काकांनी तो दाणा त्यांच्या तळहातावर ठेवला, सुट्या भागांच्या डबीतून दुसरा उचलला, खिडकीकडे धरला. चिखल, काळोख, उकडलेली कोलंबी. मग थोडे थांबले, आणि म्हणाले, "शेवटचा सोन्याचा."